अमेरिकेतील राज्य विधिमंडळाचा निकाल कसा वाचावा

अमेरिकेत शाळांचा निधी, गर्भपाताविषयीचे कायदे, मतदानाचे नियम आणि बहुतेक राज्यांत काँग्रेसच्या, म्हणजे केंद्रीय संसदेच्या, मतदारसंघांच्या सीमासुद्धा राज्यांच्या विधिमंडळांत ठरतात. पन्नास राज्यांची मिळून ९९ सभागृहे आहेत, कारण नेब्रास्कात एकच सभागृह आहे आणि तेथील निवडणूक पक्षाच्या नावाशिवाय लढवली जाते. उरलेल्या ४९ राज्यांत प्रत्येकी दोन सभागृहे आहेत: वरचे सिनेट आणि खालचे, बहुधा प्रतिनिधिगृह नावाचे. एकूण सदस्यसंख्या सुमारे ७,४०० आहे. या सदस्यांपैकी बहुतेकांचे नाव त्यांच्याच मतदारांना सांगता येत नाही, तरीही त्यांचा जय-पराजय बऱ्याच अंशी आधीच सांगता येतो, आणि तो त्यांच्या कामावरून नव्हे, तर व्हाइट हाउसमध्ये कोणत्या पक्षाचा माणूस बसला आहे यावरून. हे निकाल नीट वाचायचे असतील तर एक भेद सतत मनाशी धरावा लागतो: मत कोणत्या पक्षाला पडणार हे आता मुख्यतः राष्ट्रीय राजकारण ठरवते, पण त्या मतांच्या जागा किती होणार हे राज्यातील नकाशा आणि निवडणुकीचे वेळापत्रक ठरवते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की विश्लेषण फसते.

पहिला आकडा अध्यक्षपदाचा

एखाद्या जागेचा निकाल हाती आला की उमेदवाराची माहिती काढण्याआधी त्या मतदारसंघाने मागील अध्यक्षीय निवडणुकीत कोणाला किती मते दिली होती, हे पाहावे. मतमोजणीचे आकडे काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) आणि त्याखालील प्रिसिंक्ट (मतदानाचा सर्वांत लहान विभाग) यांच्या पातळीवर जाहीर होतात. विधिमंडळाच्या मतदारसंघात येणाऱ्या प्रिसिंक्टची बेरीज करून हा आकडा मिळवला जातो, आणि हे कष्टाचे काम अनेक अभ्यासक व वृत्तसंस्था दर निवडणुकीनंतर करतात. तिसऱ्या पक्षांची मते बाजूला ठेवून फक्त दोन मोठ्या पक्षांतील वाटा काढावा, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांची तुलना करता येते.

समजा, एका मतदारसंघात अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवाराला ५२ टक्के, रिपब्लिकन उमेदवाराला ४६ टक्के आणि इतरांना २ टक्के मते पडली. दोन पक्षांतील डेमोक्रॅटिक वाटा झाला साधारण ५३ टक्के. त्याच वर्षी संपूर्ण राज्यात हा वाटा ५१ टक्के असेल, तर हा मतदारसंघ राज्याच्या मानाने दोन टक्क्यांनी डेमोक्रॅटिक बाजूला झुकलेला आहे. दोन वर्षांनी राज्यभर त्या पक्षाची मते ४८ टक्क्यांवर घसरली, तर येथे ५० टक्क्यांच्या आसपासची अटीतटीची लढत अपेक्षित धरावी. प्रत्यक्षात उमेदवाराला ५४ टक्के मिळाली, तर ते चार टक्के त्याचे स्वतःचे, म्हणजे त्याच्या ओळखीचे, कामाचे, पैशाचे किंवा प्रतिस्पर्ध्याच्या दुबळेपणाचे, आणि स्थानिक कारणांची चर्चा करायची ती या चार टक्क्यांविषयीच. वार्तांकन मात्र बहुधा संपूर्ण ५४ टक्क्यांची कथा उमेदवाराच्या नावावर रचते.

ज्या जागांवर एकाच मोठ्या पक्षाचा उमेदवार उभा आहे त्या हिशेबातून आधीच वगळाव्यात. अशा जागा थोड्याथोडक्या नसतात. अलीकडच्या निवडणुकांत त्यांचे प्रमाण एकूण जागांच्या एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक राहिले आहे. राज्यभरातील मतांची बेरीज करताना या जागा तशाच ठेवल्या, तर ज्या पक्षाला तेथे प्रतिस्पर्धीच नव्हता त्याची मते फुगलेली दिसतात.

मतदार मतपत्रिकेवर वरून खाली येतो

अमेरिकी मतपत्रिका लांबलचक असते. वरती अध्यक्ष, केंद्रीय सिनेटर, गव्हर्नर (राज्याचा निवडून येणारा कार्यकारी प्रमुख) आणि खाली कुठेतरी विधिमंडळाचा उमेदवार. तिथपर्यंत पोहोचलेल्या मतदाराजवळ बहुधा एकच उपयोगी माहिती शिल्लक असते, ती म्हणजे उमेदवाराच्या नावापुढील पक्ष. काही राज्यांत एकाच खुणेने संपूर्ण पक्षाला मत देण्याची सोय आहे. पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सास यांनी ती २०२० पासून बंद केली, तर मिशिगनच्या मतदारांनी २०१८ मध्ये ती पुन्हा आणली. सोय गेली म्हणून मतदार पक्ष सोडून माणूस पाहू लागला, असे मात्र दिसलेले नाही. याला स्थानिक पत्रकारितेची पडझडही कारणीभूत आहे: २००५ नंतर देशातील एक चतुर्थांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली, राजधान्यांत बसून विधिमंडळाच्या बातम्या देणारे वार्ताहर कमी झाले, आणि त्यांची जागा राष्ट्रीय वाहिन्या व समाजमाध्यमे यांनी घेतली.

मतदारसंघ लहान असेल तर ओळखपाळख पक्षावर मात करील, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्या समजाची कसोटी न्यू हॅम्पशायरमध्ये पाहायला मिळते. तेथील प्रतिनिधिगृहात ४०० सदस्य आहेत, एका सदस्यामागे लोकसंख्या साडेतीन हजारांच्या आसपास, मानधन वर्षाला १०० डॉलर. प्रतिनिधी म्हणजे अक्षरशः शेजारी. तरीही हे सभागृह २००६, २०१०, २०१२, २०१४, २०१८ आणि २०२० अशा सहा निवडणुकांत एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेले, आणि यांतील बहुतेक वर्षे ही देशभरच्या लाटेचीच वर्षे आहेत. जेथे राज्य सिनेटच्या एका सदस्यामागे सुमारे दहा लाख लोक येतात त्या कॅलिफोर्नियात मतदाराने उमेदवाराला ओळखावे, ही अपेक्षाच करता येत नाही.

हे सगळे अलीकडचेच आहे, असेही नाही. १९१३ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती होईपर्यंत केंद्रीय सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत असत, त्यामुळे विधिमंडळाचे मत हे पर्यायाने वॉशिंग्टनसाठीचे मत असे. १८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी रिपब्लिकन लिंकन आणि डेमोक्रॅट डग्लस यांनी इलिनॉयभर वादसभा गाजवल्या, पण मतपत्रिकेवर दोघांचेही नाव नव्हते. लोक आमदार निवडत होते. रिपब्लिकन उमेदवारांना एकूण मते जास्त पडूनही विधिमंडळात बहुमत डेमोक्रॅटांचे झाले आणि डग्लस सिनेटवर गेले. मतांचा आणि जागांचा हा दुरावा पुढे पुन्हा भेटणार आहे.

लाट कोणाच्या विरुद्ध आहे

मतदारसंघाचा कल कळला की वर्षाची दिशा पाहावी. अध्यक्षाच्या कार्यकाळाच्या ऐन मध्यावर येणाऱ्या निवडणुकांत त्याच्या पक्षाच्या राज्यांतील जागा कमी होतात, हा विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा जवळजवळ अटळ नियम आहे. १९३४ आणि २००२ हे त्याचे ठळक अपवाद. २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाने साडेसहाशेहून अधिक जागा गमावल्या, आणि त्यांच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीअखेर ही वजाबाकी नऊशेच्या पुढे गेली. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षावर तीच पाळी आली: डेमोक्रॅटांनी तीनशेहून अधिक जागा आणि सहा सभागृहे हिसकावून घेतली. या जागा हरलेल्यांत चांगले काम केलेले सदस्यही होते आणि वाईट काम केलेलेही. लाटेने त्यांच्यात फारसा भेद केला नाही. राज्याच्या कारभाराचा जाब राज्याच्या निवडणुकीत विचारला जावा, अशी संघराज्याची कल्पना आहे, आणि या आकड्यांपुढे ती लंगडी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२२ ने नियमाला हिसका दिला. त्या वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात गर्भपाताचा केंद्रीय घटनात्मक हक्क रद्द केला आणि हा विषय राज्यांकडे सोपवला. बायडेन लोकप्रिय नव्हते, तरी त्यांच्या पक्षाने एकही सभागृह गमावले नाही. उलट मिशिगनची दोन्ही सभागृहे, मिनेसोटाचे सिनेट आणि पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधिगृह मिळवले. अध्यक्षाच्या पक्षाने अशा निवडणुकीत एकही सभागृह न गमावण्याची ही १९३४ नंतरची पहिलीच वेळ. याचा अर्थ त्या वर्षी स्थानिक राजकारण परतले असा लावू नये. एक राष्ट्रीय प्रश्न विधिमंडळाच्या दारात येऊन पडला, आणि मतदाराने त्यावर राष्ट्रीय पक्षरेषेनुसारच कौल दिला.

कोणती जागा मतदानाला होती, हे आधी विचारावे

येथे नवखा वाचक हमखास चुकतो. बहुतेक राज्यांत खालच्या सभागृहाची मुदत दोन वर्षांची आणि सिनेटची चार वर्षांची असते. अनेक ठिकाणी सिनेटच्या निम्म्याच जागा एका वेळी लढवल्या जातात. मिशिगनमध्ये सिनेटच्या सर्व ३८ जागा एकदम, पण गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबर, म्हणजे अध्यक्षीय वर्षाच्या बाहेर येतात. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी मिशिगन जिंकले, प्रतिनिधिगृह ५८ विरुद्ध ५२ असे रिपब्लिकनांकडे गेले, पण सिनेट डेमोक्रॅटांकडेच राहिले. मतदारांनी समतोल साधला, असा अर्थ यातून काढणे चूक ठरेल, कारण सिनेट त्या दिवशी मतपत्रिकेवरच नव्हते.

व्हर्जिनिया, न्यू जर्सी, लुइझियाना आणि मिसिसिपी या चार राज्यांत विधिमंडळाच्या निवडणुका विषम वर्षांत होतात. राष्ट्रीय राजकारणापासून अंतर राहावे, हा विषम वर्षांच्या निवडणुकांच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद; घडते बरोबर उलटे. अध्यक्षाने शपथ घेतल्यानंतर दहाच महिन्यांनी येणारी व्हर्जिनियाची निवडणूक ही देशाची पहिली मोठी चाचणी समजली जाते. १९७७ पासून तेथे गव्हर्नरपद सतत अध्यक्षाच्या विरोधी पक्षाकडे गेले आहे. अपवाद फक्त २०१३ चा.

नकाशा

मतांचे जागांमध्ये रूपांतर कसे होते, हे समजण्यासाठी विस्कॉन्सिनइतके चांगले उदाहरण नाही, म्हणून येथे थोडे थांबावे. २०१० च्या रिपब्लिकन लाटेत त्या राज्याचे विधिमंडळ आणि गव्हर्नरपद दोन्ही त्या पक्षाकडे गेले, आणि जनगणनेनंतरची मतदारसंघांची फेररचना २०११ मध्ये त्यांच्याच हातून झाली. ही केवळ योगायोगाची गोष्ट नव्हती. दहा वर्षांचे नकाशे आखणारी विधिमंडळे त्या वर्षी निवडली जाणार आहेत हे ओळखून राज्यांतील निवडणुकांसाठी काम करणाऱ्या रिपब्लिकन स्टेट लीडरशिप कमिटीने रेडमॅप नावाची मोहीम आखली होती आणि मोजक्या राज्यांतील चुरशीच्या जागांवर पैसा ओतला होता. विधिमंडळाची एखादी जागा काँग्रेसच्या जागेच्या मानाने फार स्वस्तात लढवता येते, हे गणित विरोधकांच्या लक्षात यायला उशीर झाला.

परिणाम २०१८ मध्ये स्पष्ट दिसला. त्या नोव्हेंबरमध्ये विस्कॉन्सिनमध्ये राज्यपातळीवरील सगळी पदे डेमोक्रॅटांनी जिंकली, टोनी एव्हर्स गव्हर्नर झाले, आणि असेंब्लीसाठीची, म्हणजे तेथील खालच्या सभागृहासाठीची, सुमारे ५३ टक्के मतेही त्याच पक्षाला पडली; ९९ पैकी जागा मिळाल्या ३६. यांतील काही मते प्रतिस्पर्धी नसलेल्या जागांवरची होती, त्यामुळे ५३ हा आकडा जसाच्या तसा धरू नये, ही सावधगिरी वर सांगितलीच आहे. शिवाय दोष संपूर्णपणे नकाशाकारांचाही नाही: डेमोक्रॅटिक मतदार मिलवॉकी आणि मॅडिसन या शहरांत इतके दाटीने राहतात, की निष्पक्ष हाताने रेषा ओढल्या तरी त्यांची बरीच मते मोजक्या जागांवर प्रचंड मताधिक्याच्या रूपाने वाया जातात. पण भूगोल किती आणि नकाशा किती, याचे उत्तर पुढे आपोआप मिळाले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुने नकाशे रद्द केले, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या नकाशांवर एव्हर्स यांनी सही केली, आणि त्या नोव्हेंबरमध्ये ट्रम्प राज्य जिंकत असतानाच डेमोक्रॅटांनी असेंब्लीत दहा जागा वाढवून रिपब्लिकनांच्या ५४ विरुद्ध ४५ पर्यंत मजल मारली. अध्यक्षपदाचा कौल विरुद्ध आणि जागांची वाढ मात्र आपल्या बाजूने, हे नकाशाशिवाय समजावून सांगता येत नाही.

म्हणून जागांच्या वाढीघटीचा अर्थ लावण्याआधी मागच्या निवडणुकीनंतर सीमा बदलल्या का, त्या विधिमंडळाने बदलल्या की आयोगाने की न्यायालयाने, हे पाहून घ्यावे. सीमा बदलल्या असतील तर मतदारसंघाच्या क्रमांकावर विसंबू नये. तोच क्रमांक दुसऱ्याच वस्तीला मिळालेला असू शकतो.

राष्ट्रीय कल खालपर्यंत पोहोचायला लागणारा काळ

आजची सांगड पाहून ती नेहमीच अशी होती, असे मानू नये. अलाबामा १९८० पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन राहिले, पण त्याचे विधिमंडळ त्या पक्षाकडे गेले २०१० मध्ये. आर्कान्सास २०१२ मध्ये गेले, केंटकीचे प्रतिनिधिगृह २०१६ मध्ये. वेस्ट व्हर्जिनियाने २००० मध्ये रिपब्लिकन बुश यांना मत दिले, तरी पुढची चौदा वर्षे विधिमंडळ डेमोक्रॅटांचे राहिले, कारण खाणकामगार संघटनांशी घट्ट नाते असलेले जुने सदस्य आपापल्या जागा राखून होते. हा बांध २०१४ मध्ये फुटला. २०२४ च्या निकालानंतर तेथील सिनेटमध्ये ३२ रिपब्लिकन आणि २ डेमोक्रॅट, तर प्रतिनिधिगृहात ९१ आणि ९ असे बलाबल झाले. जुना सदस्य निवृत्त झाला की त्याची वैयक्तिक मते त्याच्याबरोबर जातात आणि मोकळी जागा अध्यक्षीय कलाकडे सरकते. यामुळे कोण पुन्हा उभे राहत नाही, याची यादी निवडणुकीच्या बऱ्याच आधी पाहून ठेवणे फायद्याचे असते. सोळा राज्यांत सदस्यांच्या कार्यकाळावर मर्यादा आहे, तेथे अशा मोकळ्या जागा कायद्यानेच निर्माण होत राहतात.

उरलेली माणसे आणि उरलेले प्रश्न

अपवाद कमी असले तरी ते खोटे नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या कँब्रिया काउंटीतील डेमोक्रॅट फ्रँक बर्न्स ट्रम्प यांना भरघोस मताधिक्य देणाऱ्या मतदारसंघातून २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले, आणि त्यांच्या पक्षाचे बहुमत होते १०२ विरुद्ध १०१. ती एक जागा गेली असती तर सभागृह गेले असते. व्हर्मांटमध्ये त्याच दिवशी कमला हॅरिस यांनी राज्य मोठ्या फरकाने जिंकले, पण शाळांसाठीच्या मालमत्ताकरात झालेल्या वाढीने चिडलेल्या मतदारांनी विधिमंडळातील इतक्या डेमोक्रॅटांना घरी बसवले, की रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट यांचा व्हेटो फिरवण्याइतके बहुमत त्या पक्षाकडे उरले नाही. कर थेट खिशाला लागतो आणि तो लावणारे कोण हे बिलावरूनच कळते, तेव्हा राज्याचा कारभार मतपेटीत उतरतो. गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत असे अधिक घडते, कारण हा थेट निवडून येणारा कार्यकारी प्रमुख लोकांच्या परिचयाचा असतो: कॅन्ससमध्ये लॉरा केली डेमोक्रॅट असूनही दोनदा निवडून आल्या, पण त्याच मतदारांनी विधिमंडळात रिपब्लिकनांना दोन तृतीयांश बहुमत दिले.

अपवाद वाटणारे काही निकाल मात्र तपासले की अपवाद राहत नाहीत. २०१७ मध्ये व्हर्जिनियात डेमोक्रॅट डॅनिका रोएम यांनी रूट २८ वरील वाहतूककोंडी हा प्रचाराचा मुद्दा केला आणि १९९२ पासून खालच्या सभागृहात असलेल्या रिपब्लिकन बॉब मार्शल यांना हरवले. रस्त्याच्या प्रश्नाने काम केले असेलही, पण तो मतदारसंघ वर्षभरापूर्वी हिलरी क्लिंटन यांनी चांगल्या फरकाने जिंकलेला होता. त्या वर्षी डेमोक्रॅटांनी त्या सभागृहात मिळवलेल्या १५ जागांपैकी बहुतेक अशाच होत्या.

पोटनिवडणुकांविषयी थोडक्यात. एकेका निकालावरून भाकित करू नये. मतदान अत्यल्प असते आणि उमेदवाराचा प्रभाव मोठा. वर्षभरातील सगळ्या पोटनिवडणुका एकत्र करून अध्यक्षीय आकड्यापासूनचे सरासरी अंतर काढावे. त्यातही एक दुरुस्ती हवी: २०१६ नंतर पदवीधर आणि नियमाने मतदान करणारे मतदार डेमोक्रॅटांकडे सरकले आहेत, त्यामुळे कमी मतदानाच्या निवडणुकांत त्या पक्षाची कामगिरी खरी ताकद आहे त्याहून चांगली दिसते. त्याआधी हे पारडे दुसऱ्या बाजूला झुकलेले असे.

निकालाच्या रात्री

टक्केवारी स्थिर होईपर्यंत आणि प्रिसिंक्टचे आकडे येईपर्यंत निष्कर्ष राखून ठेवावा. याला काही आठवडे लागतात, आणि सत्ता एका जागेवर टांगलेली असेल तर त्याहूनही अधिक. व्हर्जिनियाच्या २०१७ च्याच निवडणुकीत न्यूपोर्ट न्यूज येथील ९४ व्या मतदारसंघात रिपब्लिकन डेव्हिड यान्सी दहा मतांनी पुढे होते. फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने पुढे गेल्या. मग न्यायालयापुढे एक मतपत्रिका आली. तिच्यावर दोन्ही उमेदवारांपुढील वर्तुळे भरलेली होती आणि सायमंड्स यांच्या वर्तुळावर एक तिरकी रेघ होती. वरच्या पदांसाठी त्या मतदाराने रिपब्लिकन उमेदवारांपुढे खुणा केल्या होत्या, आणि न्यायाधीशांनी ते मत यान्सी यांच्या पदरात टाकले. दोघांची मते ११,६०८ अशी समान झाली. ४ जानेवारी २०१८ रोजी एका वाडग्यातून चिठ्ठी काढण्यात आली, यान्सी यांचे नाव निघाले आणि सभागृह ५१ विरुद्ध ४९ असे रिपब्लिकनांकडे राहिले. दोन वर्षांनी याच दोघांची लढत पुन्हा झाली तेव्हा सायमंड्स जिंकल्या, आणि त्याच निवडणुकीत व्हर्जिनियाची दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटांकडे गेली.